‘आउट ऑफ बँड’ला मराठीत काय लिहावे?

टिपणकार
एका सहकारी बँकेच्या शाखांसाठी मराठीत माहितीपुस्तिका लिहितो आहे. इंटेल व्हीप्रोचे पीसी (लांबून सांभाळण्याची सोय हार्डवेअरमध्येच असलेले) मुख्य कार्यालयातून सांभाळायचे आहेत. ‘रिमोट मॅनेजमेंट’ला दूरस्थ व्यवस्थापन लिहून मोकळा झालो, पण पुढे ‘आउट ऑफ बँड’ (म्हणजे विंडोजच्या मदतीशिवाय पीसी लांबून हाताळणे) आले आणि गाडी अडली. ‘पट्टाबाह्य’ लिहिले तर शाखेतले लोक हसतील. ‘प्रोव्हिजनिंग’चीही (ही सोय पीसीवर सुरू करून आपल्या व्यवस्थेत आणणे) तीच गत, ‘तरतूद’ म्हटले की अर्थसंकल्प आठवतो. सुचवा.

रॅकवाला
आधी ‘दूरस्थ’चंच बघा, तो शब्द फार ढगळ आहे. एनीडेस्क, रिमोट डेस्कटॉप हेही दूरस्थच, पण ते विंडोजच्या आत चालतात. विंडोज आडवी झाली की तेही आडवे. व्हीप्रोमधलं एएमटी (ॲक्टिव्ह मॅनेजमेंट टेक्नॉलॉजी, हीच ती लांबून सांभाळण्याची सोय) चिपसेटमधल्या मॅनेजमेंट इंजिन नावाच्या वेगळ्या छोट्या प्रोसेसरवर चालतं. पीसी बंद असला तरी वीज आणि लॅनची केबल लागलेली असली की ते हाकेला ओ देतं. लांबून पीसी चालू करा, बायोस उघडा, निळा पडदा बघा, सगळं होतं. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या सुरक्षा-सॉफ्टवेअर कंपनीच्या सदोष अपडेटनं मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार ८५ लाख विंडोज यंत्रं लोळवली. विंडोजच नीट सुरू होईना, त्यामुळे बहुतेक ठिकाणी माणसाला एकेका पीसीपाशी जाऊन बसावं लागलं. पुस्तिकेत हा फरक शब्दातच दिसायला हवा. माझं मत ‘स्वतंत्र वाहिनी’ला.

मूळाक्षर
सर्व्हरपुरतं ‘स्वतंत्र वाहिनी’ बरोबर आहे. आयड्रॅक किंवा आयएलओला (डेल आणि एचपीच्या सर्व्हरमधली अशीच सोय) बहुधा मागे वेगळं लॅन पोर्ट असतं. शाखेतल्या पीसीला कुठलं आलंय? केबल तीच, पोर्ट तेच. १६९९२ ते १६९९५ या (सॉफ्टवेअरमधल्या) पोर्ट क्रमांकांवर आलेलं नेटवर्क कार्डच मॅनेजमेंट इंजिनकडे वळवतं, विंडोजच्या फायरवॉलला त्याचा पत्ताही लागत नाही. (म्हणूनच साध्या यूएसबी-लॅन डोंगलवर हे चालत नाही.) ‘स्वतंत्र वाहिनी’ वाचून कुणीतरी दुसरी केबल शोधत बसेल.

ओसरी
‘परसदारचे व्यवस्थापन’ कसं वाटतं? घर तेच, दार वेगळं, आणि तेही घरच्यांचंच.

रॅकवाला
ऐकायला झकास, पण नको. परसदार म्हटलं की लोक ‘मागचं दार’ ऐकणार, आणि संगणकवाल्यांच्या बोलीत बॅकडोअर म्हणजे घुसखोराची वाट. एएमटीवर तो संशय आधीच आहे. मे २०१७ मध्ये उघड झालेल्या त्रुटीत पासवर्डपासून बनणारं उत्तर कोरं पाठवलं तरी ॲडमिन म्हणून आत जाता येत होतं. फर्मवेअरमधून ती दुरुस्त झाली, पण नावातच संशय कशाला पेरायचा?

मूळाक्षर
बोजड चालणार असेल तर ‘विंडोजबाह्य’. लिनक्सवाले रागावतील, पण शाखेत लिनक्स आहे कुठे?

टिपणकार
‘विंडोजबाह्य’ घेतो. वाचणाऱ्याला लगेच उमगेल. आता प्रोव्हिजनिंग?

रॅकवाला
आम्ही ‘एएमटी चालू करणे’ म्हणतो. एकेक पीसी हातानं करायचा तर सुरू होताना कंट्रोल आणि पी दाबून मेबेक्समध्ये (एएमटीच्या सेटिंगच्या पडद्यावर) जायचं, ‘ॲडमिन’ हा मूळ पासवर्ड बदलायचा. नवा किमान ८ अक्षरांचा, त्यात मोठं-लहान अक्षर, अंक, चिन्ह सगळं हवं, नाहीतर घेतच नाही.

मूळाक्षर
‘चालू करणे’त निम्माच अर्थ येतो. ते तुमच्या व्यवस्थेत आणण्याला ‘दाखल करून घेणे’ लिहा. दाखल करण्याचे प्रकार दोन. क्लायंट कंट्रोल मोडमध्ये लांबून पडदा हातात घ्यायचा तर समोरच्या पीसीवर ६ अंकी कोड उमटतो, तो शाखेतल्या माणसानं फोनवर वाचून दाखवायचा. ॲडमिन कंट्रोल मोडमध्ये ही संमती बंद ठेवता येते. जोडणी चालू असेपर्यंत पडद्याच्या कडेनं लाल-पिवळी चौकट लुकलुकते. ती पुस्तिकेत चित्रासकट टाका, नाहीतर कुणीतरी घाबरून प्लग उपटेल.

ओसरी
मग अनप्रोव्हिजनिंगला ‘पटावरून कमी करणे’? शाळेचा शब्द, सगळ्यांना कळेल.

मूळाक्षर
छान आहे, पण नुसतं पटावरून नाव काढलं तरी जुनी मांडणी पीसीतच राहते. पीसी भंगारात किंवा लिलावात देताना नेमका तोच घोळ होतो. ‘एएमटी कोरे करणे’ लिहा.