पिट मिनियन की पर्सनल साइझ क्वेंटेल?

लोणावळा लोकलमध्ये रोज वाचायला केंब्रिजचं पिट मिनियन घ्यावं की शायलरचं पर्सनल साइझ क्वेंटेल (दोन्ही इंग्रजी बायबलच्या छोट्या आवृत्त्या), असा प्रश्न इथे कुणीतरी विचारला आणि बहुतेकांनी उत्तरात चामड्याच्या वेष्टनाचंच कौतुक केलंय. बकऱ्याचं चामडं दोन्हींत मिळतं, तो मुद्दा सोडा. रोजच्या वाचनाला अक्षर महत्त्वाचं.

पिट मिनियनचा टाइप जेमतेम 7 पॉइंटच्या आसपास, क्वेंटेलचा 8.5. आकडा किरकोळ वाटतो, पण शिवाजीनगर सुटल्यावर डबा हलायला लागला की कळतं! शिवाय पिट मिनियनमध्ये दोन स्तंभांच्या मधोमध संदर्भांची (संबंधित वचनं बायबलमध्ये कुठे आहेत ते सांगणाऱ्या टिपांची) पट्टी, त्यामुळे पान गच्च दिसतं. क्वेंटेलमध्ये संदर्भ तळाशी आहेत, नजर अडत नाही. मात्र ते जाड आणि वजनदार. एका हाताने दांडी धरून उभं राहायचं असेल तर पिट मिनियनच.

पानाच्या पलीकडची छपाई दिसते, अशी तक्रारही काहींनी केली आहे. एवढा पातळ कागद म्हटल्यावर थोडं दिसणारच. दोन्ही बाजूंच्या ओळी एकमेकींच्या नेमक्या पाठीवर छापल्या असतील तर त्रास कमी होतो. घेण्याआधी पान उजेडाकडे धरून बघा. बांधणी शिवलेली हवी, नुसती चिकटवलेली नको.

आणि आपल्या पावसाळ्यात चामड्यावर बुरशी धरते. प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करून ठेवू नका, कोरड्या सुती कापडात गुंडाळा.

मराठीत या तोडीची बांधणी मी तरी पाहिलेली नाही. पंडिता रमाबाईंनी इथे केडगावात बसून अख्खं बायबल मराठीत आणलं, त्याची अशी छोटी आवृत्ती निघाली तर मी पहिलं गिऱ्हाईक.