आई गेल्यापासून उपासनेत बसवतच नाही, तुम्ही कसं सावरलात?

शाहूपुरीची पोर:
आईला जाऊन तीनेक महिने झाले. ती चर्चच्या क्वायरमध्ये ऑल्टो, म्हणजे बायकांचा खालचा सूर, गायची, तिचं उपासना संगीत, म्हणजे भजनांचं पुस्तक, आता माझ्याकडं आहे, कव्हरला चिकटपट्टी लावलेलं आणि आत खुणेसाठी केएमटी बसची तिकिटं घातलेलं. रविवारी ना. वा. टिळकांचं भजन सुरू झालं की घसा दाटतो आणि मी सरळ बाहेर येऊन गाडीपाशी उभी राहते. भेटायला येणारा प्रत्येक जण तेच सांगतो, रडू नको, ती प्रभूजवळ आहे, वर बायबलमधल्या थेस्सलनीकरांच्या पत्राचं वचन. विश्वास आहे ओ माझा, पण म्हणून रडायचं पण नाही का?

रंकाळाकाठ:
ताई ते वचन नीट वाचा की, १ थेस्सलनीकर ४:१३. ज्यांना आशा नाही त्यांच्यासारखं दुःख करू नका म्हणतोय ते पत्र लिहिणारा पौल, दुःखच करू नका असं कुठं म्हटलंय? आणि योहान ११ बघा, येशूचा मित्र लाजर, त्याला कबरेत ठेवून चार दिवस झालेले, येशूला पक्कं माहीत की आता ह्याला उठवायचंय, तरी लाजरच्या बहिणीला, मरीयेला रडताना बघून तो स्वतः रडलाच ना.

बावडेकर:
मिसेस गेली तेव्हा लोकांनी मला बायबलमधलं धीर देणारं २३वं स्तोत्र इतक्यांदा ऐकवलं की नको झालं. मला धरून ठेवलं ते ८८व्यानं. ते अंधारातच संपतं, शेवटी स्तुतीबिती काही नाही, तरी शास्त्रात आहे. देवाला असं तोंडावर बोललेलं चालतं म्हटल्यावर माझी प्रार्थना परत सुरू झाली, ती पण भांडल्यासारखीच!

मिरजेची मावशी:
बाळा, मला विचारशील तर बाहेर जाऊ नको. मागच्या बाकावर बस, गाऊ नको, डोळ्याला पदर लाव आणि नुसतं ऐक. तुझ्या वाटचं बाकीचे गातील, मंडळी असते कशाला मग.

शाहूपुरीची पोर:
बघते मावशी या रविवारी. बावडेकरकाका, घरी स्मरणार्थ प्रार्थना ठेवायची चाललंय, तिथं ८८वं स्तोत्र वाचलं तर चर्चचे पाळकसाहेब काय म्हणतील?

बावडेकर:
काय म्हणत नाहीत. आधी फोन करून ठेव, म्हणजे संदेश त्यावरच देतील. आणि जेवायला माणसं किती ते आत्ताच ठरवा, आमच्यात ऐनवेळी भात कमी पडलेला.