मर्यादेयं म्हणजे ‘मर्यादेत राहा’ नव्हे

शिवाजी महाराजांच्या पत्रांच्या शेवटी असणाऱ्या छोट्या शिक्क्यावरचं ‘मर्यादेयं विराजते’ म्हणजे सभ्यता पाळावी असा उपदेश, असं काही जण म्हणतात. पटत नाही. फोड मर्यादा + इयं अशी, आणि इथली मर्यादा म्हणजे सीमा, हद्द: ‘ही मर्यादा शोभते आहे.’ शिवाजी महाराजांच्या पत्रांत ‘प्रतिपच्चंद्रलेखेव’ ही मुद्रा माथ्यावर, तर हा छोटा शिक्का मजकूर संपतो तिथे अगदी खेटून. म्हणजे नंतर कुणाला एखादी ओळ घुसडता येऊ नये. यालाच मोर्तब म्हणायचे. आपण रोज ‘शिक्कामोर्तब’ म्हणतो त्यातला शिक्का वरचा, मोर्तब खालचं. पेशवाईतल्या कागदांवर याच जागी ‘लेखनसीमा’ दिसते. तो शब्द तर अर्थ सरळच सांगतो.

मागे साताऱ्यात पोवई नाक्याजवळ एका रेडियमवाल्याकडे थांबलो होतो. एक पोरगा गाडीच्या पुढच्या काचेवर, अगदी वर, ‘मर्यादेयं विराजते’ लावून घेत होता. मी म्हटलं, अरे हे शेवटी असतं, मागच्या काचेवर लाव. तो म्हणाला, “काका, मागं आईचं नाव हाय, तिथं जागा न्हाय.” यावर काय बोलणार!