कोरोनाकाळातले नियम आणि मदत: इंदूरच्या दुकानदारांना आज काय वाटतं?

रामबागकर
नमस्कार. कॉलेजच्या प्रकल्पासाठी 2020-21 मधल्या बाजारबंदीवर लिहिते आहे. व्यापारी संघटनांची निवेदनं मिळतात, पण गल्ल्यावर बसणाऱ्या माणसाचं म्हणणं कुठे मिळत नाही. राजवाडा, सीतलामाता बाजार, सियागंज भागात कुणाचं दुकान आहे का? सरकारनं केलं ते तुम्हाला पटलं का? मदत पोचली का?

साडीवाले काका
ताई, सीतलामाता बाजारात आमचं वडिलांपासूनचं साड्यांचं दुकान आहे. आधी हे लिहून घे की पहिला बंद आम्ही मनापासून पाळला. 25 मार्च 2020ला देश बंद झाला, त्याच दिवशी गुढीपाडवा होता. दुकानातली पूजा चुकली, पण शहरात माणसं दगावत होती, तेव्हा कुणी कुरकुर केली नाही.

राग आला तो पावसाळ्यात, लेफ्ट-राइट लावलं तेव्हा. आज रस्त्याची डावी बाजू उघडी, उद्या उजवी. साडीचा धंदा असा चालतो का? बाई चार दुकानं बघणार, मग एक साडी घेणार, फॉल-पिकोला टाकणार, ब्लाउज शिंप्याकडे देणार. आमचा फॉल-पिकोवाला समोरच्या बाजूला. म्हणजे साडी आज, फॉल उद्या, त्याच बाईची बाजारात दुसरी खेप. शिवाय निम्मी दुकानं बंद, तर गिऱ्हाईक उरलेल्या निम्म्यांत दाटीवाटीनं उभं. उलट सकाळी लवकर ते रात्री उशिरापर्यंत सगळी दुकानं उघडू दिली असती, तर गर्दी आपोआप पांगली असती. गल्लीत कुणालाही विचारलं असतं तरी हे कळलं असतं.

आणि लग्नसराई. तिचा माल आम्ही आधीच भरून ठेवतो, बराचसा उधारीवर. 2020ची अक्षय्य तृतीया 26 एप्रिलला, बंदमध्ये गेली. 2021ची 14 मेला, कोरोना कर्फ्यूत गेली. जरीची साडी एकाच घडीवर पडून राहिली की घडीवरच चिरते. दुकान उघडल्यावर मुलगा आणि मी कितीतरी दिवस नुसत्या घड्या बदलत होतो. महेश्वरचे विणकर फोन करायचे, उधारी मागायला नव्हे, नवीन ऑर्डर आहे का विचारायला. ते फोन घेणं फार जड जायचं.

हिशेबवाला, सुदामानगर
काका, नियमांबद्दल पटतं. पण मदतच आली नाही असं कुणी म्हणू नये. मी दुकानांची रिटर्न भरतो. रिझर्व्ह बँकेनं मार्च ते ऑगस्ट 2020 हप्ते थांबवायची मुभा दिली. मे 2020च्या पॅकेजमध्ये सरकारी हमीचं कर्ज होतं: 29 फेब्रुवारी 2020ला आधीच्या कर्जाची जेवढी बाकी असेल तिच्या 20 टक्के, वेगळं तारण नाही, पहिलं वर्ष मुद्दल भरायचं नाही. माझ्याकडचे काही जण त्याच्यावरच तगले.

मालवा मिलचा
आईची भाजीची गाडी आहे. तिला स्वनिधीतून, म्हणजे फेरीवाल्यांसाठीच्या सरकारी कर्जयोजनेतून, 10,000 मिळाले. वेळेवर फेडले की पुढचं कर्ज मिळतं. तिचं एकच म्हणणं, पैसे दिले पण उभं राहायला जागा द्या. गाडी रोज हटवली तर हप्ता कशातून भरायचा?

साडीवाले काका
हिशेबवाले दादा, तुम्ही म्हणता ते खरं, पण ते ज्याची बँकेत आधीपासून बाकी होती त्याच्यासाठी. आमच्या गल्लीत अर्धा धंदा नातेवाइकांच्या पैशावर आणि सुरतेच्या उधारीवर चालतो. कर्जच नाही, तर 20 टक्के कशाचे? आणि हप्ते थांबले तरी व्याज चालूच होतं. भाडं चालू, विजेचा फिक्स चार्ज चालू, दुकानात कामाला असलेल्या दोन पोरांचा पगार मी कापला नाही. व्यापाऱ्याला एमएसएमईत, म्हणजे सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांत, घेतलं ते जुलै 2021मध्ये, दोन्ही लाटा येऊन गेल्यावर. तोपर्यंत बँकेत गेलं की ‘तुम्ही ट्रेडर, तुमच्यासाठी नाही’ हेच ऐकायचो.

ताई, तुझ्या कागदात एवढं नक्की घाल: बंद लागणार असेल तर दोन दिवस आधी सांगा, म्हणजे माल मागे फिरवता येतो. आणि वेळा ठरवताना बाजारातली चार माणसं सोबत बसवा. कधी आलीस तर संध्याकाळी चारच्या आत ये, नंतर गिऱ्हाईक असतं. फॉल-पिकोवाल्याचीही गाठ घालून देतो, त्याचे हाल आमच्याहून जास्त झाले.