सलाईनचा ग्रुपच घाबरतोय, मग कंट्रोल (तुलनेचा गट) कुठला धरू?

फार्मा_लातूर: विस्टार जातीचे रॅट, 14 दिवस रोज आय.पी. (पोटात टोचून) डोस, शेवटच्या डोसनंतर 30 मिनिटांनी एलिव्हेटेड प्लस मेझ (भीती मोजायचा उंचावरचा अधिक-चिन्हासारखा मार्ग, दोन बाजू उघड्या म्हणजे ओपन आर्म, दोन भिंतींच्या म्हणजे क्लोज्ड आर्म). न टोचलेल्या रॅटपेक्षा सलाईनवाले ओपन आर्ममध्ये फारच कमी जातात. औषध तर त्यांना दिलंच नाही. कंट्रोल कुठला?

मेझवाला: औषधाची तुलना सलाईनशीच. पण न टोचलेला ग्रुप काढू नका, टोचण्याचा ताण त्याच्यामुळेच दिसतोय. जमलं तर तिसरा ग्रुप घ्या: तसंच उचलायचं, धरायचं, सुई मात्र नाही. (रॅट वाढले की आधी आयएईसीची (संस्थेच्या प्राणी नैतिकता समितीची) मंजुरी.) खरी अडचण पुढे आहे. सलाईनवालेच ओपन आर्ममध्ये जवळपास जात नसतील, तर भीती वाढवणारं औषध ओळखूच येणार नाही आणि डायझेपाम (भीती कमी करणारं औषध) उगाच भारी दिसेल. क्लोज्ड आर्मच्या एंट्रीही मोजा. त्याही घटल्या असतील तर रॅट नुसता सुस्त किंवा पोट दुखतंय म्हणून बसलेला असू शकतो.

अॅनिमल_हाऊस_नांदेड: आधी हात सुधारा. डोस सुरू करण्यापूर्वी 5-7 दिवस रोज 2-3 मिनिटं हाताळा, शेवटचे दोन दिवस इंजेक्शनच्या पकडीतच धरा. शेपटीला धरून उचलणं बंद, छातीखाली हात घाला. सुई 25 गेजची, दर रॅटला नवी, खालच्या उजव्या बाजूला. डावीकडे सीकम (मोठ्या आतड्याची सुरुवातीची पिशवी) लागतं. 200 ग्रॅमच्या रॅटला 1 मिली पुरे, म्हणजे 5 मिली प्रतिकिलो. फ्रिजमधलं सलाईन थेट टोचू नका, कोमट करा. औषधाचं द्रावण आम्लधर्मी असेल तर ते झोंबतं. तेव्हा व्हेइकलचा (औषधाशिवायच्या नुसत्या द्रावणाचा) पीएचही तितकाच हवा, साधं सलाईन कंट्रोल म्हणून चालत नाही. आणि बाकीच्या पिंजऱ्यांसमोर टोचू नका, त्यांची चीची आपल्याला ऐकू येत नाही, रॅटला येते.

मेझवाला: वेळही बघा. टोचल्यावर 15-30 मिनिटांत कॉर्टिकोस्टेरॉन (ताणाचं हार्मोन) शिखरावर असतं, नेमकं तेव्हाच तुम्ही मेझवर सोडताय. 14 दिवसांचाच परिणाम हवा असेल तर शेवटच्या डोसनंतर 24 तासांनी टेस्ट घ्या. एप्रिल-मेमध्ये तर कूलरचा आवाज आणि मधेच गेलेली लाईट, दोन्ही नोंदवा.

फार्मा_लातूर: मग तेच रॅट 24 तासांनी परत मेझवर घेऊ का?

मेझवाला: नको. एकदा मेझ पाहिलेल्या रॅटवर दुसऱ्यांदा डायझेपामसुद्धा नीट चालत नाही. नवी बॅच घ्या.