टॉवर समोर, ५जीची रेंज फुल्ल, तरी रात्री स्पीड नाही. अडतंय कुठे?

कोकणकडा:
रत्नागिरी जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव. टॉवर ३०० मीटरवर, मध्ये अडथळा नाही. आरएसआरपी (सिग्नलची ताकद) -७८, एसआयएनआर (सिग्नल गोंगाटापेक्षा किती वरचढ) २० च्या आसपास, म्हणजे दोन्ही उत्तम. पहाटे ५जीवर ३५० एमबीपीएस, रात्री ९ ते ११ जेमतेम ६-८, पिंग ३० वरून ४०० मिलिसेकंद. फोन ४जीवर टाकला तरी तेच. रेडिओ (फोन ते टॉवर) भरलाय की मागची लाइन (टॉवर ते कंपनीचं नेटवर्क, म्हणजे बॅकहॉल), हे ओळखायचं कसं? कंपनीने आणखी एक बँड (फ्रिक्वेन्सीचा पट्टा) चढवला तर फरक पडेल?

आरएफवाला:
रेंजच्या दांड्या फक्त सिग्नलची ताकद दाखवतात, सेलवर (टॉवरचं एका दिशेचं, एका बँडचं कव्हरेज) किती लोक बसलेत ते नाही. त्यासाठी आरएसआरक्यू (सिग्नलची गुणवत्ता, डीबीमध्ये) बघा, तोही ४जीवर. ५जीत तो वेगळ्या पद्धतीने मोजतात, त्यावरून लोडचा अंदाज नीट येत नाही. टॉवरजवळ रिकाम्या ४जी सेलला -६ ते -८ दिसतो, भरलेल्या सेलला -११ पर्यंत उतरतो, शेजारचे सेलही भरले असतील तर आणखी खाली.

मग रात्रीच एकेक बँड लॉक करून टेस्ट घ्या (८५० किंवा ९००, १८००, २३०० मेगाहर्ट्झ, तुमच्या कंपनीकडे जे असतील ते). एकच बँड रडतोय, बाकीचे पळतायत, तर दुखणं रेडिओचं. सगळे बँड आणि ५जी एकाच वेळी झोपत असतील तर मागची लाइन. लॉक होत नसेल तर टॉवरच्या पलीकडे जा, तिथे दुसरा सेक्टर (टॉवरची दुसऱ्या दिशेची बाजू) लागतो. पिंग ४०० वरून मात्र काही ठरत नाही, रांग रेडिओच्या शेड्युलरमध्येही (कोणाला कधी डेटा द्यायचा ते ठरवणारा भाग) लागते.

मायक्रोवेव्ह_हॉप:
माझी पैज मागच्या लाइनवर. १८ गिगाहर्ट्झच्या मायक्रोवेव्ह लिंकवर (बॅकहॉलची बिनतारी जोडणी) २८ मेगाहर्ट्झचा एक कॅरियर (चॅनेल) २५६ क्वामला (मॉड्युलेशनची एक पायरी) साधारण २०० एमबीपीएस देतो. पहाटे ३५० मिळतो म्हणजे किमान दोन कॅरियर, नाहीतर एकाच कॅरियरवर एक्सपिक (एकाच चॅनेलवर दोन ध्रुवणांतून दुप्पट डेटा). आता १०० मेगाहर्ट्झचा ५जी सेक्टर एकटाच १ जीबीपीएस ओढू शकतो, असे तीन, वर ४जी. त्यात तुमच्या टॉवरवरून पुढच्या गावांचे हॉप (टॉवर ते टॉवर लिंकचे टप्पे) निघत असतील तर त्यांचंही ट्रॅफिक याच लिंकवर. शिवाय घरोघरी एअरफायबर (५जीवरचं घरचं इंटरनेट): २० घरांत २० एमबीपीएसचे ४के व्हिडिओ लागले की ४०० तिथेच संपले! अशा साइटवर नवा बँड चढवणं म्हणजे निव्वळ वीज जाळणं.

उपाय दोन. ई-बँड (७१-७६ आणि ८१-८६ गिगाहर्ट्झ) १० जीबीपीएसपर्यंत जातो, पण तासाला १०० मिमीच्या पावसात किलोमीटरला सुमारे ३० डीबी खातो. १८ गिगाहर्ट्झला हेच १० च्या आसपास. म्हणून कोकणात हॉप एक-दोन किलोमीटरचा ठेवायचा आणि सोबत १८ ची लिंक जोडायची. पावसात ई-बँड पडला की व्हॉइस आणि सिग्नलिंग तिच्यावर तगतात, बाकी स्पीड कोसळतो. फोनवर रेंज फुल्लच राहते. दुसरा उपाय फायबर. तो रिंगमध्येच (दोन वेगळ्या वाटांनी जोडलेला) हवा, एकेरी टाकला तर रस्ता रुंदीकरणाच्या पहिल्या जेसीबीला साइट बंद.

कोकणकडा:
पलीकडच्या सेक्टरलाही रात्री ७ एमबीपीएस, ४जीचा आरएसआरक्यू -८. तक्रारीत काय लिहू?

आरएफवाला:
मग लाइनच. -८ म्हणजे रेडिओ अर्धा मोकळा बसलाय. ४जीचा सेल आयडी २५६ ने भागा: पूर्ण भाग टॉवरचा नंबर, बाकी उरते तो सेलचा. टॉवर नंबर, दोन्ही सेल, तारीख-वेळ, आरएसआरपी, आरएसआरक्यू, पहाटेचा आणि रात्रीचा स्पीड लिहा. 'नेट स्लो' हा शब्द टाळा, त्यावर रिस्टार्टचंच उत्तर येतं. 'सर्व सेक्टरवर एकाच वेळी बॅकहॉल कंजेशन' असं लिहा. डॉकेट नंबर (तक्रारीचा नंबर) घ्या. उत्तर पटलं नाही तर त्याच डॉकेट नंबरचा हवाला देऊन कंपनीच्या अपिलेट ऑथॉरिटीकडे अपील.