शब्द हवा : न दिसणाऱ्या सांध्यांची ‘पाहणी’ कशी करणार?

मंडळी, एका शब्दावर अडले आहे. मी जर्मनीत राहते आणि इथल्या एका ग्लायडिंग क्लबात, म्हणजे बिनइंजिनाची विमानं उडवणाऱ्यांच्या क्लबात, जाते. हिवाळ्यात उडणं बंद असतं, तेव्हा ग्लायडरची डागडुजी सभासदांनीच करायची असा इथला रिवाज. यंदा माझ्या वाट्याला एका दोन-आसनी ग्लायडरचे पंख आले. वयानं ते माझ्याहून मोठं आहे. पायलटनं काठी डावी-उजवीकडे केली की पंखाच्या टोकाकडची फळी, म्हणजे एलरॉन, वरखाली होते. मधली सगळी यंत्रणा पंखाच्या पोटात : हालचाल पुढे नेणारे दांडे म्हणजे पुशरॉड, तिची दिशा बदलणारे बेलक्रँक, आणि बेअरिंग. फायबरचा पंख म्हणजे दोन कवचं एकमेकांना चिकटवून कायमची बंद केलेली. आत पोचायला तळाशी जेमतेम पंजा जाईल एवढं झाकण. त्यातून आरसा आणि टॉर्च घालायचा, नाहीतर एंडोस्कोप, म्हणजे नळीच्या टोकाचा कॅमेरा.

हे सगळं बाबांना मराठीत लिहून पाठवायला बसले. ‘पंखांची पाहणी केली’ असं लिहिलं आणि थांबले. निम्मं तर दिसतच नाही, मग पाहणी कसली? आणि एकमेकांना जोडलेल्या या रॉड-क्रँकच्या साखळीतल्या जोडाला, लिंकेजला, काय म्हणू? ‘दुवा’ लिहिलं तर बाबा त्यावर क्लिक करतील.

—

दुवा नकोच. ‘सांधा’ घ्या, ताई. मी रेल्वेच्या सिग्नल खात्यातून निवृत्त झालो. केबिनमधला खटका ओढला की रुळांच्या कडेनं गेलेले रॉड सरकायचे, वळणावर क्रँक दिशा बदलायचा आणि शेवटी सांधा पडायचा, म्हणजे गाडीचा रूळ बदलायचा. तुमच्या पंखात हेच आहे, फक्त हलकं आणि झाकलेलं. (उन्हात आमचे लांब रॉड वाढायचे, म्हणून मध्येच एक क्रँक असा टाकायचे की एका अर्ध्याची वाढ दुसऱ्या अर्ध्यानं फिटावी. काय डोकं!)

बेलक्रँक मात्र तसाच ठेवा. त्यातली बेल म्हणजे खरोखरची घंटा. साहेबाच्या बंगल्यात दोरी ओढली की भिंतीतून गेलेल्या तारेनं नोकरांच्या खोलीतली घंटा वाजायची. कोपऱ्यावर तारेला वळवणारा तुकडा तो बेलक्रँक. त्याचं ‘घंटादांडा’ केलंत तर एकही फिटर तोंडी घेणार नाही.

—

पुशरॉडला ‘दट्ट्या’ चालेल का?

—

नाही चालणार. दट्ट्या ढकलतो. हा रॉड ढकलतो तसा ओढतोही. शिवाय ‘दट्ट्या लावणे’ आपण वेगळ्याच कामासाठी राखून ठेवलंय.

—

शाळेत विज्ञान शिकवते, म्हणून माझी भर. सांध्यांची नावं आपल्याकडे तयारच आहेत : बिजागरीचा सांधा, उखळीचा सांधा. खांद्याच्या उखळीत दंडाच्या हाडाचा गोळा फिरतो तो दुसरा. ग्लायडरमध्ये असं काही असतं का?

—

असतं ना! पंख काढून ट्रेलरमध्ये ठेवतात, त्यामुळे दर वेळी आतले रॉड सोडायचे आणि पुन्हा जोडायचे. जुन्या ग्लायडरमध्ये त्यासाठी लोतेलिए नावाची फ्रेंच जोडणी असते. एका बाजूला पोलादी गोळा, दुसऱ्या बाजूला त्याची उखळ, आणि गोळा निसटू नये म्हणून स्प्रिंगवर सरकणारी पाचर. पाचर पुरती बसली की तिच्यातलं बारीक भोक उघडं पडतं, त्यात सेफ्टी पिन घालायची. भोक दिसलं नाही तर उखळ गोळ्यावर नुसती टेकलेली आहे, बसलेली नाही. ‘उखळीचा सांधा’ लगेच उचलते. पिनला ‘खीळ’ म्हणेन, बैलगाडीच्या चाकाची असते तशी. खीळ विसरल्यामुळे किंवा जोडायचंच राहून गेल्यामुळे अपघात झालेले आहेत.

—

आता मूळ प्रश्न. ‘चाचपणी’ का नको? वर्तमानपत्रांनी तो शब्द उमेदवारांच्या नावावर लिहून दिलाय, पण मुळात तो हाताचाच आहे. अंधारात उशाशी चष्मा शोधतो ती चाचपणी. मी हडपसरच्या ग्लायडिंग सेंटरवर पूर्वी पंख धरायला उभा राहायचो. उड्डाणाआधी एकानं एलरॉन दोन्ही हातांनी घट्ट धरायचा आणि दुसऱ्यानं आत बसून काठी हलवून बघायची. जोर हाताला लागला तर आतली साखळी जोडलेली आहे. आधी काठी सरकली आणि मग लागला, तर कुठंतरी झीज आहे. यात डोळ्यांचं काम शून्य.

—

त्या सरकण्याला तुम्ही काय म्हणता? इंग्रजीत प्ले.

—

आम्ही ‘प्ले’च म्हणायचो. ‘खिळखिळा’ म्हणावं तर फार पुढची पायरी झाली. त्या पायरीवर ग्लायडर हँगरमधून बाहेरच काढायचं नसतं. ‘सैल’ बरा. ‘सांधा सैल आहे’ म्हटलं की कोणालाही कळतं. आणि एकेका सांध्याची केसभर सैल काठीपाशी येईपर्यंत बोटभर होते, हेही त्याच शब्दात सांगता येतं. ती जास्त झाली तर वेगात एलरॉन फडफडायला लागतो, आणि फडफड वाढली की पंखच मोडू शकतो.

—

पण सगळं हाताला कळत नाही हो. २०१० साली ऑस्ट्रियात एल-१३ ब्लानिक जातीच्या ग्लायडरचा पंख हवेत तुटला. पंखाचा भार पेलणाऱ्या मुख्य तुळईत धातूच्या शिणानं भेग गेली होती. त्यानंतर ठिकठिकाणी ब्लानिक जमिनीवर बसवल्या. तुळईतली भेग काठी हलवून सापडत नाही, तिथं यंत्रानं ‘तपासणी’च लागते. तेव्हा सरसकट चाचपणी लिहू नका.

—

मान्य. मग सांध्यांची चाचपणी, तुळईची तपासणी, आणि पाहणी फक्त झाकणातून दिसेल तेवढ्याची. तसंच लिहून पाठवलं. बाबांचं उत्तर आलं : ‘शब्द छान आहेत, सापडलं काय?’

डाव्या पंखात बेलक्रँकच्या बेअरिंगचं ग्रीस मेणासारखं सुकलेलं होतं. उजव्यात हाताला काहीतरी मऊ लागलं. उंदराचं घरटं निघालं, आमच्याच सीटच्या गादीतला स्पंज कुरतडून केलेलं.